निधी दिल्लीचा, पगार गल्लीचा: स्थानिक संस्थांचा खर्च आणि पदे कोण ठरवते?

मानेवाडा भागातील एका वाचकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. केंद्र सरकारकडून नागपूर महापालिकेला आणि जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना कोट्यवधींचा निधी येतो, असे आपण वारंवार वाचतो. मग झोन कार्यालयात एकाच कनिष्ठ अभियंत्याकडे दोन-तीन प्रभाग का असतात, आणि गावाकडे एका ग्रामसेवकाला शेजारच्या गावाचा अतिरिक्त पदभार का सांभाळावा लागतो? केंद्र सरकार स्थानिक संस्थांच्या खर्चाचे आणि मनुष्यबळाचे नियोजन करते तरी कसे?

मी वित्त व लेखा सेवेत नोकरी केली. त्यातला बराच काळ विदर्भातील जिल्हा परिषदा आणि नगर संस्थांच्या लेखा विभागात गेला आणि आता निवृत्त होऊन नागपुरातच राहतो. माझे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर केंद्र सरकार कामांचे नियोजन करते, माणसांचे करत नाही. पुढचे सगळे विवेचन हे असे का होते आणि त्याचा हिशोब कोणाच्या माथी बसतो, याबद्दल आहे.

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते. ‘स्थानिक शासन’ हा विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांच्या यादीत आहे. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने, ज्या १९९३ मध्ये अमलात आल्या, पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, अकराव्या अनुसूचीत २९ आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले, पण ते विषय प्रत्यक्ष सोपवायचे की नाही आणि सोपवले तर त्यासोबत माणसे द्यायची की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर ठेवले. त्यामुळे नागपूर महापालिकेत किती कनिष्ठ अभियंते असावेत, हे दिल्लीत कोणीही ठरवत नाही आणि ठरवूही शकत नाही. केंद्राच्या हातात जे आहे ते अनुच्छेद २८० मध्ये. केंद्र-राज्यांमधील पैशाची वाटणी सुचवणाऱ्या वित्त आयोगाने पंचायती व नगरपालिका यांच्या साधनसंपत्तीला पूरक म्हणून राज्याच्या एकत्रित निधीत भर घालण्याचे उपाय सुचवावेत, असे तिथे लिहिले आहे. शब्द नीट पाहावेत. पैसा ‘पूरक’ आहे आणि तो ‘राज्याच्या एकत्रित निधीत’ जातो. महापालिकेच्या तिजोरीत दिल्लीहून थेट रक्कम पडते, ही समजूत चुकीची आहे. मधे मुंबईचे मंत्रालय आहेच.

हे नियोजन पाच वर्षांचे असते आणि वित्त आयोग बदलला की त्याची तऱ्हाही बदलते. स्थानिक संस्थांसाठी रक्कम सुचवण्याची सुरुवात दहाव्या आयोगाने केली. अकराव्या आयोगाने पाच वर्षांसाठी ग्रामीण भागाला ८,००० कोटी आणि शहरांना २,००० कोटी सुचवले, बाराव्याने ते अनुक्रमे २०,००० कोटी आणि ५,००० कोटी केले. खरी उडी चौदाव्या आयोगाने मारली. २०१५ ते २०२० या काळासाठी २,८७,४३६ कोटी रुपये, त्यातले २,००,२९२ कोटी पंचायतींना. या आयोगाने ग्रामीण हिस्सा थेट ग्रामपंचायतींनाच दिला, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या पूर्ण कोरड्या राहिल्या. त्या पाच वर्षांत जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभांमधली सदस्यांची चिडचिड मी समोर बसून ऐकली आहे. सरपंचाकडे निधी आणि सदस्याकडे फक्त निवेदने, अशी अवस्था होती. पंधराव्या आयोगाने ती चूक दुरुस्त केली आणि तिन्ही स्तरांना वाटा दिला. महाराष्ट्रात तो ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० टक्के आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा ठरला.

पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांना एकूण ४,३६,३६१ कोटी रुपये सुचवले. त्यात ग्रामीण संस्थांचे २,३६,८०५ कोटी, शहरांचे १,२१,०५५ कोटी, आरोग्याचे ७०,०५१ कोटी, आणि उरलेली रक्कम नव्या शहरांच्या उभारणीसाठी व सामायिक नगरसेवांसाठी. राज्याराज्यांतली वाटणी लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के महत्त्व देऊन झाली. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. नागपूर शहराची तेव्हाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. त्यानंतर हुडकेश्वर-नरसाळा शहरात आले, वर्धा रोड आणि बेसा-पिपळा बाजूला वस्ती कुठल्या कुठे गेली, पण त्या हिशोबाच्या कागदावर शहर २०११ मध्येच थांबलेले राहिले. पुढची जनगणना २०२७ ची आहे. तिचे आकडे वाटणीत उतरायला आणखी काही वर्षे जातील.

आता मुद्द्याकडे येतो. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या या अनुदानाचे दोन भाग असतात, बंधित आणि अबंधित. पंधराव्या आयोगात ६० टक्के बंधित होते. त्यातले निम्मे पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करण्याची मोकळीक. मात्र त्या मोकळिकीला एक अपवाद स्पष्ट लिहिलेला होता, तो म्हणजे वेतन आणि इतर आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचारीवर्ग सांभाळण्याचा खर्च. समजा, कुही किंवा भिवापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख रुपये मिळाले. त्यातले ६ लाख पाणी आणि स्वच्छतेत गेले, ४ लाखांत तिने रस्ता केला, दिवे लावले, अंगणवाडीची भिंत बांधली. पाण्याची टाकी झाली, पण ती रोज पहाटे सुरू-बंद करणाऱ्या माणसाचा पगार त्या १० लाखांतल्या एका रुपयातूनही देता येत नाही. तो घरपट्टी-पाणीपट्टीतून द्यायचा, किंवा राज्य शासन ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनाचा जो काही वाटा उचलते त्यातून. त्या वाट्यालाही करवसुलीची अट. दुष्काळाच्या वर्षी वसुली कमी झाली की पहिला फटका पाणी सोडणाऱ्या माणसाला बसतो.

असा नियम का केला, हे दिल्लीच्या बाजूनेही समजून घेतले पाहिजे. आयोगाचा निधी पाच वर्षांचा असतो, पगार तीस-पस्तीस वर्षांचा आणि त्यामागे निवृत्तिवेतन. पाच वर्षांच्या पैशावर कायमची देणी उभी करायची नाहीत, हा विचार वित्तीय दृष्टीने चुकीचा नाही. शिवाय पगाराला मुभा दिली तर राज्ये स्वतःचे वेतन अनुदान हळूच काढून घेतील, ही भीतीही खरी आहे. राज्ये तसे करतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण भीती खरी असली तरी परिणाम एकच होतो. मालमत्ता उभी राहते, माणूस उभा राहत नाही.

त्याचे एक जवळून पाहिलेले उदाहरण देतो. विदर्भातील एका नगरपरिषदेत केंद्राच्या अनुदानातून गटारे साफ करणारे सक्शन-जेटिंग यंत्र घेतले होते. खरेदी नियमाप्रमाणे, देयक वेळेवर, निधी ठरल्याप्रमाणे वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्रही गेलेले. मी तपासणीला गेलो तेव्हा गाडी आवारात झाडाखाली उभी होती आणि टायरजवळ गवत वाढले होते. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, जड वाहनचालकाची दोन पदे होती. एक चालक निवृत्त झालेला, दुसरा मुख्याधिकाऱ्यांच्या गाडीवर. नवे पद निर्माण करायचे तर शासनाची मान्यता हवी, आणि मान्यतेसाठी आस्थापना खर्च मर्यादेत हवा. तो मर्यादेत नव्हता. शेवटी चालक आणि मदतनिसासह यंत्र चालवण्याचे काम एका कंत्राटदाराला दिले गेले, आणि तेच पैसे ‘देखभाल व संचालन’ या शीर्षाखाली बसले. पगार म्हणून जे चालत नव्हते ते देयक म्हणून चालले. तपासणी टिप्पणीत मी लिहिण्यासारखे काही उरले नव्हते, कारण नियम कुठेच मोडला नव्हता.

वर मी ‘मर्यादा’ हा शब्द वापरला, त्याचा खुलासा करतो. महाराष्ट्रात नागरी स्थानिक संस्थांचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, अशी राज्य शासनाची अट आहे आणि नवी पदे निर्माण करताना वा भरताना ती पुढे केली जाते. महापालिकेचे महसुली उत्पन्न, हिशोबासाठी धरू, १,००० कोटी असेल तर आस्थापनेवर ३५० कोटी. आता सफाई कामगार, शिक्षक, अग्निशमन, दवाखाने, कर विभाग, अभियंते अशी सगळी माणसे ज्या संस्थेला लागतात, ती संस्था ही रेषा कधी पार करते हे तिलाच कळत नाही. एकदा रेषा ओलांडली की पद मंजूर असूनही भरती अडते. भरती अडली की सेवानिवृत्तीने जागा रिकाम्या होत जातात, आणि करवसुलीचे कर्मचारीच कमी झाल्यामुळे उत्पन्नही वाढत नाही. म्हणजे ३५ टक्क्यांच्या भागाकारात वरचा आकडा, म्हणजे खर्च, कमी करण्याच्या नादात खालचा उत्पन्नाचाही आकडा कमी होतो. माझ्या मते या अटीतून निदान वसुलीचे आणि तांत्रिक कर्मचारी वगळायला हवेत. हे मी सेवेत असताना लेखी कळवले होते. उत्तर आले नाही, तो भाग वेगळा.

आकृतिबंध, सेवाप्रवेश नियम, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम), अनुकंपा, आणि अलीकडे टीसीएस किंवा आयबीपीएसमार्फत होणारी सरळसेवेची परीक्षा, ही पूर्ण साखळी राज्य आणि महापालिका यांच्यातली आहे. यात केंद्र कुठेच नाही. मात्र एका ठिकाणी केंद्राचा निर्णय महापालिकेच्या पगारपत्रकावर थेट येऊन आदळतो, ते ठिकाण म्हणजे वेतन आयोग. केंद्राने सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू केला, महाराष्ट्राने बक्षी समिती नेमून तो २०१९ मध्ये प्रत्यक्षात आणला, आणि मग महापालिकांच्या कर्मचारी संघटनांनी साहजिकच तोच न्याय मागितला. राज्याने परवानगी दिली, पण पैसे ‘स्वतःच्या उत्पन्नातून’ अशी ओळ घालून. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे तसे नसते. त्यांचा पगार आणि निवृत्तिवेतन राज्याच्या अनुदानातून येते, म्हणून जिल्हा परिषदेतील शिक्षकाला वाढ मिळाली तर तिचा भार मुंबई उचलते, महापालिकेच्या लिपिकाला मिळाली तर ती नागपूरकरांच्या मालमत्ता करातून जाते. २०२५ मध्ये केंद्राने न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला आहे. त्याच्या कार्यकक्षेत महापालिका नाहीत, पण त्याच्या शिफारशींचा शेवटचा हप्ता महापालिकाच भरतील, याबद्दल लेखा विभागात कोणालाच शंका नाही.

मग महापालिकेचे पगार होतात कशातून? मालमत्ता कर, पाणीपट्टी, नगररचना शुल्क ही स्वतःची उत्पन्ने आहेत, परंतु महिन्याच्या सुरुवातीला लेखाधिकाऱ्याचे लक्ष असते ते जीएसटी भरपाईकडे. पूर्वी नागपुरात जकात होती. १ एप्रिल २०१३ पासून स्थानिक संस्था कर आला, १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटीने सगळेच संपवले. त्या बदल्यात राज्याने २०१७ चा भरपाई कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने भरपाई द्यायची. पायाला १०० रुपये असतील तर नऊ वर्षांनी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, ते बरोबर दुप्पट होतात. ऐकायला चांगले वाटते. पण पाया ज्या वर्षी धरला त्या वर्षी कर आधीच खिळखिळा झाला होता, आणि जकातीत शहराच्या व्यापाराबरोबर आपोआप वाढणारे जे उत्पन्न होते, ते आता कायद्यातल्या टक्केवारीला बांधले गेले. केंद्राने राज्यांना दिलेली जीएसटी भरपाई जून २०२२ मध्ये थांबली. राज्य मात्र महापालिकांना अजून देत आहे, हे नोंदवले पाहिजे. या रकमेवर पगाराची बंदी नाही, आणि म्हणूनच ती पगार-निवृत्तिवेतनातच विरून जाते.

शहरांच्या केंद्रीय निधीकडे पुन्हा वळतो. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी समूहांना पंधराव्या आयोगाने वेगळे काढले आणि त्यांच्यासाठी ३८,१९६ कोटींचा आव्हान निधी ठेवला. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि औरंगाबाद हे समूह त्यात होते. यातले १२,१३९ कोटी हवेच्या गुणवत्तेसाठी आणि २६,०५७ कोटी पाणी व घनकचरा यांसाठी. लहान शहरांना निदान ४० टक्के मोकळे पैसे मिळत होते, मोठ्या शहरांना पूर्ण रक्कम कामगिरीशी जोडलेली. हवा सुधारली नाही तर हप्ता कापला जात असे. त्यामुळे महापालिकेचा कल रस्ते झाडणारी यंत्रे, कारंजी, विद्युत वाहने असल्या मोजता येणाऱ्या आणि छायाचित्रात दिसणाऱ्या वस्तूंकडे राहतो. रस्त्यावरची धूळ मुळात कुठून येते हे पाहणारा पर्यावरण अभियंता नेमणे हे कोणत्याच शीर्षात बसत नाही.

पंधराव्या आयोगाचे पैसे वर्षातून दोन हप्त्यांत, साधारण जून आणि ऑक्टोबरमध्ये सुटत. ग्रामीणसाठी पंचायती राज मंत्रालय आणि शहरांसाठी गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालय शिफारस करते, रक्कम सोडते ते अर्थ मंत्रालयाचा व्यय विभाग. राज्याकडे पैसे आले की दहा कामकाजाच्या दिवसांत ते पुढे पाठवायचे, नाहीतर राज्याने विलंबाचे व्याज द्यायचे. या एका अटीने जे घडवले ते कितीतरी परिपत्रकांना जमले नव्हते. वित्त आयोगाची नस्ती, म्हणजे फाइल, मंत्रालयात ज्या वेगाने फिरते त्या वेगाने दुसरी कुठलीही फिरताना मी पाहिलेली नाही.

त्या हप्त्यांसाठी अटीही होत्या. मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे ऑनलाइन हवेत, ही पहिली. शहरांसाठी राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायचे आणि शहरांनी वसुलीची वाढ राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीशी जुळवून दाखवायची. राज्याने राज्य वित्त आयोग नेमलेला असला पाहिजे. आणि ग्रामीण संस्थांसाठी सर्वांत महत्त्वाची अट, लोकनियुक्त मंडळ हवे. प्रशासक असलेल्या जिल्हा परिषदेचा आणि पंचायत समितीचा १० टक्के वाटा याच अटीपाशी अडला, गावाचा ८० टक्के मात्र निवडून आलेल्या सरपंचामुळे सुटत राहिला. नागपूर महापालिकेतही मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. या चार वर्षांत अंदाजपत्रक आयुक्तांनीच मांडले आणि आयुक्तांनीच मंजूर केले. पदभरतीवर सभागृहात आरडाओरड करणारे कोणीच नसल्याने हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या भाषणापलीकडे गेला नाही.

केंद्राचा पैसा माणसांवर खर्च होतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पंधराव्या आयोगाच्या आरोग्य अनुदानातून शहरांत आरोग्यवर्धिनी केंद्रे उघडली आणि त्यांच्यासाठी वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, बहुउद्देशीय कर्मचारी घेण्यास परवानगी होती. नागपुरातही त्यासाठी जाहिराती निघाल्या. पण पदे कंत्राटी, मानधन ठरावीक आणि आयुष्य योजनेइतकेच. अंगणवाडी सेविकेचे मानधन, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी, तिथे केंद्र आणि राज्य ६०:४० वाटा उचलतात, तरी तिथेही शब्द ‘मानधन’ हाच आहे, ‘वेतन’ नाही. निवृत्तिवेतन, रजा असे वेतनासोबत येणारे हक्क या एका शब्दाच्या निवडीवर ठरतात. ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्यांचा मोबदला वर्षानुवर्षे वित्त आयोगाच्याच निधीतून गेला, पण थेट नव्हे, सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे शुल्क म्हणून. पगार द्यायला बंदी असलेल्या पैशातून सेवाशुल्क देता येते, हे एकदा कळले की बाकीची व्यवस्था आपोआप समजते.

आपल्या नागपुरात याची जुनी आवृत्ती आहे. ऐवजदार. कायम सफाई कामगार गैरहजर असेल तर त्याच्या ऐवजी हजेरी लावणारा माणूस, असा या शब्दाचा मूळ अर्थ. प्रत्यक्षात शेकडो कुटुंबांनी या ‘ऐवजी’मध्ये वीस-वीस वर्षे काढली. पहाटे सहाच्या सुमारास हजेरी शेडवर जमायचे, कोण आले नाही हे जमादार सांगेपर्यंत थांबायचे, जागा असेल तर झाडू हातात घ्यायचा, नसेल तर घरी. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या मोठ्या संख्येला स्थायी करण्यात आले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्या निर्णयाने आस्थापना खर्च वाढला आणि कनिष्ठ अभियंता, लिपिक, कर निरीक्षक यांच्या भरतीची वाट आणखी अरुंद झाली. एका विभागाला न्याय दिला की दुसऱ्याची भरती थांबते, अशी ही एकाच चादरीची ओढाताण आहे.

प्रकल्पांमध्ये दुसरी अडचण असते, ती हिश्श्याची. केंद्र कोणत्याही मोठ्या योजनेत पूर्ण पैसा देत नाही. नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्प सुमारे १,९२७ कोटींचा आहे. त्यात केंद्राचा वाटा सर्वांत मोठा, मग राज्याचा, आणि महापालिकेचा सुमारे ३०४ कोटी. त्या आधीच्या पुनरुत्थान अभियानात, म्हणजे शहरांसाठीच्या २००५ च्या केंद्रीय योजनेत (जेएनएनयूआरएम), नागपूरच्या गटातील शहरांना केंद्र, राज्य आणि महापालिका यांचे ५०:२०:३० असे प्रमाण होते. हा हिस्सा महापालिका आणते कुठून? कर्जातून, किंवा महसुली शिलकीतून. शिलकीतून द्यायचा तर ती शिल्लक रिक्त पदांमुळेच निर्माण झालेली असते, हे अंदाजपत्रक उघडून पाहिले तर लक्षात येते. आस्थापनेची मूळ तरतूद आणि सुधारित तरतूद यांत जी घट दिसते, तीच पुढे भांडवली कामाच्या बाजूला वाढ म्हणून दिसते. आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिल्यावर ती चालवण्याचे वीजबिल आणि कर्मचारी महापालिकेचे. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ ला संपले, त्यात लावलेले कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष तसेच आहेत, त्यांची देखभाल आता शहराच्या गळ्यात आहे.

या सगळ्यात नागपूरसारख्या शहराची एक खास बाजू क्वचितच बोलली जाते. अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर महापालिकेला मालमत्ता कर लावता येत नाही. नागपुरात रेल्वेच्या दोन विभागांची कार्यालये व वसाहती आहेत, वायुसेनेचे देखभाल कमान मुख्यालय आहे, सेमिनरी हिल्स आणि सिव्हिल लाइन्स परिसरात केंद्रीय कार्यालयांची रांग आहे. कराऐवजी सेवाशुल्क मिळते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर राजकोट महापालिकेच्या प्रकरणात जे ठरले, त्यानुसार महापालिका सगळ्या सेवा देत असेल तर कराच्या ७५ टक्के, काही देत असेल तर ५० टक्के आणि कोणतीच थेट देत नसेल तरीही ३३⅓ टक्के. पण त्यासाठी त्या मालमत्तेचे मूल्यांकन करून करार करावा लागतो, मोजणी लागते, पाठपुरावा लागतो, म्हणजे पुन्हा कर विभागात माणसे लागतात. मी एका संस्थेत असताना अशा पाठपुराव्यासाठी एकच निरीक्षक होता, आणि मार्च महिन्यात त्यालाही निवडणुकीच्या कामावर घेतले गेले. कोणत्याही आयोगाच्या सूत्रात न येणारा, तरीही अधिकृतपणे केंद्राकडून येणारा आणि पगारावर खर्च करता येणारा असा हा पैसा आहे. अनुदानाची मागणी करणारी निवेदने दिल्लीला जातात तितक्या उत्साहाने या करारांची नस्ती हलली, तर दोन-तीन झोनच्या भरतीचा खर्च यातून निघू शकतो, असा माझा अंदाज आहे.

१ एप्रिल २०२६ पासूनचा कालावधी सोळाव्या वित्त आयोगाचा, म्हणजे अरविंद पनगढिया यांच्या आयोगाचा आहे. रकमेचे आकडे वृत्तपत्रांत ठळक येतात. वाचताना त्यातील बंधित किती, अबंधित किती, आणि अबंधितमध्ये आस्थापनेबाबत काय लिहिले आहे, एवढे तीन तपशील शोधावेत. बाकी आकडा कितीही मोठा असला तरी झोन कार्यालयातील खुर्ची भरण्याशी त्याचा संबंध या तिसऱ्या तपशिलाएवढाच असतो.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या वाचकांना आपल्या झोनबद्दल प्रत्यक्ष माहिती हवी असेल, तर माहितीच्या अधिकारात एकच मोठा अर्ज करू नये, तो विभागाविभागांत फिरत राहतो. सामान्य प्रशासन विभागाकडे मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे संवर्गनिहाय मागावीत. लेखा व वित्त विभागाकडे गेल्या तीन वर्षांचे आस्थापना खर्चाचे प्रमाण आणि ते काढताना उत्पन्नात कोणत्या बाबी धरल्या, हे मागावे, कारण जीएसटी भरपाई धरली की नाही यावरच टक्केवारी बरीच बदलते. आणि कंत्राटी माणसांची संख्या या दोन्ही उत्तरांत मिळणार नाही. ती आरोग्य, घनकचरा आणि जलप्रदाय विभागांच्या देयकांत, ‘मनुष्यबळ पुरवठा’ किंवा ‘देखभाल व संचालन’ या शीर्षांखाली असते. तिथे माणसे मोजलेली नसतात, मानवदिवस, म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे काम, मोजलेले असतात. त्या आकड्याला वर्षातल्या कामाच्या दिवसांनी भागावे, म्हणजे आपल्या झोनमध्ये प्रत्यक्ष किती जण काम करतात ते कळेल.